कास्ट लाइनवर 'नॅनो लेअर'च्या प्लेटा बसवल्या. ओटीआर (फिल्ममधून ऑक्सिजन किती आरपार जातो तो आकडा) जागचा हलत नाही आणि फिल्मवर व्ही पडतायत

शिफ्ट_बी:
नमस्कार मंडळी. वसईजवळच्या एका पॅकेजिंग कंपनीत प्रोसेसला आहे. नाव लिहीत नाही, समजून घ्या.

आमची पाच लेअरची कास्ट लाइन आहे. पीई (पॉलिइथिलीन), टाय (चिकटवणारा थर), ईव्हीओएच (ऑक्सिजन अडवणारं प्लास्टिक), टाय, पीई. पनीर आणि चीजच्या व्हॅक्यूम पाकिटांची फिल्म निघते, जाडी 80 मायक्रॉन, त्यात ईव्हीओएच 5 आणि दोन्ही टाय मिळून 6. आमचे शेठ ड्युसेलडॉर्फच्या के प्रदर्शनाला जाऊन आले आणि तेव्हापासून एकच धोशा, 'नॅनो लेअर करायचं'. एका फॅब्रिकेटरकडून चार मल्टिप्लायर प्लेटा करून आणल्या आणि फीडब्लॉक (थर एकत्र आणतो तो ब्लॉक) व डाय (फिल्म बाहेर पडते ती फट) यांच्या मधे बसवल्या. प्रत्येक प्लेट मेल्टचे उभे दोन भाग करते, ते पसरवून एकावर एक चढवते. म्हणजे पाचाचे दहा, वीस, चाळीस, ऐंशी. शेठने ब्रोशरमध्ये '80 लेअर' छापायलाही टाकलंय.

ट्रायल घेतली. अडचणी दोन:
फिल्मवर मशीनच्या दिशेने तोंड केलेले धुरकट व्ही पडतायत. पूर्ण रुंदीभर आहेत, मधे जास्त.
ओटीआर पाच लेअरच्या फिल्मचा होता तेवढाच येतोय. लॅबने दोनदा काढला. शेठ म्हणतात लॅबचं मशीन बिघडलंय.

पीई एलएलडीपीई जातीचा आहे, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा) 2. ईव्हीओएच 32 टक्के इथिलीनवालं. डाय 225 ला. कोणी असं काम केलंय का?

डायवाले_नाना:
लॅबचं मशीन ठणठणीत आहे, त्याला हात लावू देऊ नकोस.

आधी ओटीआरचं बघू, कारण त्यावरून शेठची झोप उडालेली दिसते. ऑक्सिजन फिल्ममधून आरपार जातो तेव्हा त्याला सगळे थर एकामागून एक ओलांडावे लागतात. 5 मायक्रॉन ईव्हीओएच एका थरात ठेव किंवा त्याचे सोळा भाग करून पीईच्या मधे मधे घाल, ऑक्सिजनला ओलांडायचं ईव्हीओएच तेवढंच राहतं. अडथळ्यांची बेरीज होते, आणि बेरजेत आकडे कुठल्याही क्रमाने मांडले तरी उत्तर तेच. थर वाढवले म्हणून बॅरिअर वाढतं, हे विकणाऱ्याच्या तोंडचं वाक्य आहे. तुझी लॅब बरोबर सांगतेय.

आता ब्रोशर. 80 लेअर नाहीत. तुझा पाचाचा गठ्ठा दुसऱ्या गठ्ठ्यावर चढला की खालच्याचा वरचा पीई आणि वरच्याचा खालचा पीई एकमेकांना भिडतात. दोन्ही वितळलेले, एकाच दाण्याचे. ते एक होऊन जातात. सोळा गठ्ठ्यांत असे पंधरा सांधे. 80 मधून 15 गेले, राहिले 65. त्यात ईव्हीओएचचे सोळा, प्रत्येकी सरासरी 312 नॅनोमीटर. शंभराच्या आत आल्याशिवाय शास्त्रवाले सहसा नॅनो म्हणत नाहीत, पण ब्रोशरवाल्यांना कोण अडवणार.

व्हीबद्दल बोलायच्या आधी दोन गोष्टी सांग. आउटपुट निम्मं केल्यावर व्ही जातात का? आणि सील मारून बघितलं का?

शिफ्ट_बी:
नाना, आउटपुट कमी केल्यावर व्ही विरळ होतात, निम्म्याला जवळजवळ जातात. पण त्या स्पीडला रोल काढला तर शेठ मलाच वायंडरवर गुंडाळतील.

सीलचं तुम्हाला कसं कळलं? ताकद पडली आहे. आम्ही सील मारणाऱ्या जॉचं तापमान वाढवत बसलो होतो.

डायवाले_नाना:
कळायला ज्योतिष लागत नाही, भागाकार लागतो.

80 मधून ईव्हीओएचचे 5 आणि टायचे 6 काढले की पीई उरला 69. पूर्वी तो दोन कातड्यांत होता, वर साडेचौतीस, खाली साडेचौतीस. सील तिथे लागायचं, भरपूर माल होता. आता तोच 69 सोळा गठ्ठ्यांत वाटला गेला. एका गठ्ठ्याला सव्वाचारच्या आसपास, त्यातला अर्धा वर आणि अर्धा खाली. म्हणजे फिल्मच्या अगदी बाहेरचा पीई किती? दोन मायक्रॉन आणि वर थोडा चुरा. जॉ तापवून काय होणार, सील व्हायला माल हवा ना!

व्हीचं मूळसुद्धा तिथेच आहे. डायच्या ओठांजवळच्या अरुंद फटीत मेल्टवर सर्वांत जास्त ताण भिंतीलगत येतो, मधे जवळजवळ नसतो. पाच लेअरमध्ये तुझं ईव्हीओएच बरोबर मधे झोपलेलं होतं, भिंतीपासून लांब. आता पहिलं टाय आणि पहिलं ईव्हीओएच भिंतीला खेटून वाहतायत, वर फक्त पातळ पीई. दोन पदार्थांच्या सीमेवरचा ताण एका मर्यादेपुढे गेला की ती सीमा सरळ राहत नाही, आतल्या आत नागमोडी होते, दुमडते. बाहेरून हात फिरवलास तर फिल्म गुळगुळीत लागेल, उजेडात धरलीस की धुरकट व्ही दिसतील. हे 1970च्या दशकापासून लिहून ठेवलेलं आहे. डाऊ केमिकलमधल्या श्रेंक आणि मंडळींनी 1978 साली यावर निबंधच लिहिला. उपाय तेव्हापासून तेच: आउटपुट उतरव, डाय गरम कर, ओठ थोडे उघड, बाहेरचा थर जाड कर किंवा कमी चिकट दाण्याचा घे. तू आउटपुट उतरवलंस आणि व्ही गेले, म्हणजे निदान पक्कं झालं.

डाय 225 वरून वर न्यायचा मोह होईल. ईव्हीओएचला उष्णता फार मानवत नाही. थोडी वाढव, पण त्याच्यावर विसंबू नकोस. जेलचे, म्हणजे घट्ट झालेल्या मालाचे, ठिपके दिसायला लागले तर समज की जास्त झालं.

खरा उपाय कातड्याचा. तुमच्याकडे रंगासाठी किंवा कशासाठी चौथा छोटा एक्सट्रूडर (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारं मशीन) पडून आहे का?

मृणाल_क्यूसी:
नानांना दुजोरा. एक विचारते: फिल्मचा काप काढून बघितलात का? आकडे कागदावर मांडण्यापेक्षा आत नक्की काय झालंय ते दिसेल.

पाच लेअरसाठी आम्ही सोपं करतो. फिल्मची पट्टी रेझिनमध्ये बसवायची, मायक्रोटोमने पातळ काप, त्यावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब. ईव्हीओएच आयोडीन पकडतं आणि तपकिरी होतं, पीई कोरा राहतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध तपकिरी रेघ दिसते, तिची जाडी मोजायची. नायलॉनही आयोडीन पकडतो, तेव्हा नायलॉनवाली फिल्म असेल तर गफलत करू नका.

तुमचे थर मात्र 312 नॅनोमीटरचे. साध्या प्रकाशात हे हद्दीवरचं काम. रेघ आहे एवढं कदाचित कळेल, जाडी नाही मोजता येणार. त्यासाठी टीईएम किंवा एएफएम, म्हणजे नॅनोमीटरपर्यंत दाखवणारे सूक्ष्मदर्शक. पवईच्या आयआयटीत सैफ नावाची उपकरणांची सुविधा आहे, बाहेरच्यांचे नमुने घेतात. पीई मऊ असल्यामुळे काप गोठवून काढायला सांगा, नाहीतर सुरी थर ओढत नेते आणि चित्रात तुम्हाला तुमचा दोष दिसतो की सुरीचा, हे कळत नाही.

आणि नमुना एकाच जागचा देऊ नका. मधला, आणि दोन्ही कडांपासून हातभर आतला. आमच्याकडे एकदा मधला काप बघून सगळे खूश झाले होते, गिऱ्हाइकाचं पाकीट मात्र कडेच्या रोलचं होतं.

चिवडा_पोहे:
मला यातलं काही कळत नाही, पण धागा सोडवत नाही. गिफ्टवर गुंडाळतात तो इंद्रधनुषी चकचकीत कागद, वाकडा केला की हिरव्याचा गुलाबी होतो, तो असाच असतो का? त्यात रंग घालतात ना?

क्लीव्हलँडचा_कुलकर्णी:
चिवडा_पोहे, रंग अजिबात नसतो. पारदर्शक प्लास्टिकच असतं, दोन प्रकारचं, आलटून पालटून शंभराच्या वर थर. प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा प्रकाश परततो. थराची जाडी तरंगलांबीच्या चौथाईच्या हिशोबात बसली की ते सगळे परतलेले किरण एकमेकांना साथ देतात आणि एक रंग उठून दिसतो. हिरव्यासाठी, म्हणजे 550 नॅनोमीटरसाठी, 1.57 अपवर्तनांकाचा थर साधारण 88 नॅनोमीटर आणि 1.49चा 92. फिल्म तिरकी केलीत की हिशोब बदलतो आणि रंग निळ्याकडे सरकतो. यामागचं प्रकाशशास्त्र डाऊच्याच आल्फ्री, गर्नी आणि श्रेंक यांनी 1969 साली मांडलं.

त्याचा थोरला भाऊ तुमच्या मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यामागे असतो. थ्रीएमच्या लोकांनी 2000 साली 'सायन्स'मध्ये दाखवलं की ताणलेल्या पॉलिस्टरचे शेकडो थर वापरून धातूचा कणही न घालता आरसा करता येतो, आणि तो तिरक्या कोनातही फिका पडत नाही. त्यांचा पांढरा प्रकाश परतवणारा पापुद्रा जेमतेम 65 मायक्रॉनचा आहे आणि दृश्य प्रकाशाचा 98 टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो.

शिफ्ट_बी, तुमच्या कामाचं: मी इथे केस वेस्टर्न विद्यापीठात पीएचडी केली. एरिक बेअर आणि अ‍ॅन हिल्टनर यांच्या गटाने याच दुप्पट करणाऱ्या प्लेटांवर इथे कित्येक वर्षं काम केलं. बॅरिअर नुसत्या थरांच्या संख्येने वाढत नाही हे नानांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याला एक अपवाद आहे. 2009 साली 'सायन्स'मध्ये आलं होतं: पॉलिइथिलीन ऑक्साइडचा थर 20 नॅनोमीटरपर्यंत आणला तेव्हा त्याच्या स्फटिकांना उभं वाढायला जागाच उरली नाही. ते आडवे पसरले, अख्ख्या थरात एकच पापुद्रा, आणि ऑक्सिजनची पारगम्यता शंभरपट उतरली. तिथे पदार्थच आतून बदलला. तुमचे थर त्याच्या पंधरापट जाड आहेत, तिथे असं काही होणार नाही.

डायवाले_नाना:
कुलकर्णी, लाखमोलाचं सांगितलंत. फक्त शेठना हे वाचायला देऊ नका, उद्या पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या पोत्यांची ऑर्डर जाईल. पाण्यात विरघळणारा पदार्थ आहे तो, आणि पनीर पाण्यात बसलेलं असतं.

शिफ्ट_बी:
चौथा एक्सट्रूडर आहे. मास्टरबॅचसाठी घेतला होता, ताडपत्री टाकून पडलाय.

डायवाले_नाना:
मग झालं तुझं काम. ताडपत्री काढ.

मी असं केलं असतं. प्लेटांमधून पाचही लेअर न्यायचेच नाहीत. फक्त गाभा न्यायचा: टाय, ईव्हीओएच, टाय. तीनाचे चार प्लेटांनी अठ्ठेचाळीस होतात, टायला टाय भिडून पंधरा सांधे जातात, राहतात 33. गाभा सगळा मिळून पंधरा-सोळा मायक्रॉन. आणि पीईची कातडी प्लेटांच्या नंतर, डायच्या आधी, दोन्ही बाजूंनी चढवायची, प्रत्येकी तीस-बत्तीस. त्यासाठी प्लेटा आणि डायच्या मधे एक जोडब्लॉक लागेल, तो कुठलाही बरा डायमेकर करून देईल. पीई थोरल्या एक्सट्रूडरमधून, टाय त्याच्याच जागी. चौथा एका बाजूच्या कातड्याला ठेव, म्हणजे सीलच्या बाजूला वेगळा दाणा घालता येईल. भिंतीचा सगळा ताण आता पीई अंगावर घेईल, सीलला माल मिळेल, आणि ईव्हीओएच ओलाव्यापासून आत राहील. हे तिसरं विसरू नकोस. आर्द्रता लागली की ईव्हीओएचचं बॅरिअर ढासळतं, आणि आत्ता तुझा पहिला थर दोन मायक्रॉनच्या पांघरुणाखाली पनीरच्या पाण्याशेजारी बसलाय. लॅबमध्ये कोरड्या हवेत ओटीआर काढला असशील तर खरं चित्र याहून वाईट आहे.

आता कटकटीची गोष्ट, चिकटपणा. पातळ वाहणारा माल जाड वाहणाऱ्याला कडेने वेढा घालत जातो, हा मेल्टचा स्वभाव. एकाच डायमध्ये थोडा वेढा पडला तर कडेच्या पट्टीत कापून जातो. पण प्लेट मेल्टला मधोमध कापते, म्हणजे जुन्या कडा फिल्मच्या आत कुठेतरी येऊन बसतात, आणि पुढची प्लेट त्याची पुन्हा दुप्पट करते. आमच्या घरी दिवाळीला चिरोटे होतात तसंच आहे: पोळ्या लाटायच्या, साटा लावून एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करून कापायची आणि पुन्हा लाटायचं. पहिल्या पोळीला साटा एका बाजूला जास्त लागला तर पुढे कितीही हलक्या हाताने लाटा, तो वाकडेपणा प्रत्येक पदरात उतरतो. म्हणून प्लेटांवर पैसे घालण्याआधी फीडब्लॉकमधून निघणारे पहिले तीन थर सारखे आहेत की नाही ते बघ. ऑप्टिकलवाले याच कारणासाठी शेकडो खाचांचा फीडब्लॉक करतात आणि प्लेटांवर कमीत कमी भार टाकतात.

एमएफआयचे आकडे जुळले म्हणून खूश होऊ नकोस. तो 190 ला, 2.16 किलोच्या वजनाखाली काढलेला एक आकडा. तुला पाहिजे प्लेटमधल्या तापमानाला आणि तिथल्या शिअरला (थर एकमेकांवरून घसरण्याच्या वेगाला) चिकटपणा किती. रेझिन पुरवणाऱ्याकडे वेगवेगळ्या तापमानांचे कर्व्ह माग, नाही म्हणत नाहीत. ईव्हीओएच आणि टायचे कर्व्ह एका कागदावर काढ. तापमान वाढलं की ईव्हीओएच भराभर पातळ होतं, पीईच्या जातीचा माल सावकाश. दोन रेघा कुठेतरी एकमेकींना कापतील किंवा निदान जवळ येतील. प्लेटा त्या तापमानाला चालव. टाय ग्रेड बदलावी लागली तर बदल, ईव्हीओएचपेक्षा टायमध्ये निवडीला वाव जास्त.

क्लीव्हलँडचा_कुलकर्णी:
आम्ही प्रयोगशाळेत दर सेकंदाला 10च्या शिअरवर चिकटपणा जुळवायचो, प्लेटांमध्ये साधारण तेवढाच असतो. दुसरं, टायकडे लक्ष ठेवा. टायवरचा मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड ईव्हीओएचशी रासायनिक जोड करतो, म्हणून तर चिकटतो. पण एका चौरस मीटर फिल्ममध्ये पूर्वी अशा दोन चौरस मीटर सीमा होत्या, आता बत्तीस आहेत. जोड इतक्या जागी झाली की माल घट्ट होतो आणि फिल्मवर बारीक रवाळपणा येतो. तो व्हीपेक्षा वेगळा दिसतो. कमी ग्राफ्टचा, म्हणजे कमी अ‍ॅनहायड्राइडचा, टाय घ्या, किंवा टायमध्ये एलएलडीपीई मिसळा. स्वस्तही पडेल.

मृणाल_क्यूसी:
मिसळताना एकूण ईव्हीओएचवर नजर ठेवा. निर्यातीचं गिऱ्हाईक असेल तर विचारणारच. युरोपातल्या पुनर्वापराच्या मार्गदर्शिकांत पीईच्या फिल्ममध्ये ईव्हीओएच वजनाने 5 टक्क्यांच्या आत लागतं. तुमचं 80 मध्ये 5 मायक्रॉन आहे, आणि ईव्हीओएच पीईपेक्षा जड, त्यामुळे वजनाने आठ टक्क्यांच्या आसपास जातं.

शिफ्ट_बी:
म्हणजे ओटीआर सुधारणार नाही, टायचा खर्च वाढणार, जोडब्लॉक वेगळा. मग शेठना काय सांगू? करायचं कशाला?

डायवाले_नाना:
हा प्रश्न प्लेटा आणायच्या आधी विचारायचा असतो, पण तो शेठचा दोष, तुझा नाही.

उपयोग आहे. पण तो ओटीआरच्या कागदावर दिसत नाही, पाकिटाच्या कोपऱ्यात दिसतो. तुमच्या गिऱ्हाइकाचं थर्मोफॉर्मिंग आहे का? खोल ट्रे ओढताना कोपऱ्यात फिल्म सगळ्यात पातळ होते, आणि ईव्हीओएच ताठ असल्यामुळे जाड थर तिथे तडकतो. सपाट फिल्मचा ओटीआर उत्तम आणि ट्रेचा भिकार, हे मी भरपूर पाहिलंय. तसंच व्हॅक्यूम पाकीट खोक्यात घासत, चुरगळत पुण्याहून नागपूरला जातं तेव्हा घडीवर बारीक भोकं पडतात. पातळ थर पीईच्या जातीच्या मऊ मालात बसवलेला असला की तो ताणला जातो, तडकत नाही.

क्लीव्हलँडचा_कुलकर्णी:
याला जुना आधार आहे. पॉलिकार्बोनेट आणि सॅन (स्टायरिन-अ‍ॅक्रिलोनायट्रिल) यांचे थर घेऊन आमच्या गटात हे दाखवलं गेलं. सॅन एरवी ठिसूळ, पण थर पुरेसे पातळ झाले की त्यात भेगा वाढण्याऐवजी तो पॉलिकार्बोनेटबरोबर ताणला जातो. ईव्हीओएचला नेमकी किती पातळी लागेल ते तुमच्याच दाण्यावर बघावं लागेल.

डायवाले_नाना:
तेव्हा शेठना असं सांग: जुनी पाच लेअरची फिल्म आणि नवी 33 थरांच्या गाभ्याची, ईव्हीओएच दोन्हीत सारखंच. दोन्ही जेल्बो फ्लेक्सवर (फिल्म पिळून चुरगळणारं चाचणीचं मशीन) चुरगळायच्या आणि मग ओटीआर काढायचा. दोन्हींचे ट्रे ओढायचे, कोपऱ्यातला तुकडा मोजायचा. नवी टिकली तर पुढच्या फेरीत ईव्हीओएच 5 वरून 3 करून बघ. 3 केलंस तर मृणालताईंचा 5 टक्क्यांचा प्रश्नही सुटतो, आणि बचतीचे पैसे शेठना कागदावर दाखवता येतील. नाही टिकली तर प्लेटा काढून ठेव, पाच लेअरची फिल्म वाईट नव्हती.

आणि प्लेटा काढताना एक पाळ. ईव्हीओएच आत ठेवून लाइन बंद करायची नाही, जेवणाच्या सुट्टीपुरतीसुद्धा. आधी एलडीपीईने धुऊन काढायचं, बाहेर येणारा माल स्वच्छ दिसेपर्यंत. प्लेटांच्या दुभागणाऱ्या कडेमागे माल साचतो आणि जळतो, मग आठवडाभर काळे कण येत राहतात. प्लेटा गरम असतानाच उघड, पितळी पट्टीने खरवड, स्टीलचा स्क्रेपर जवळपास ठेवूच नकोस. त्या धारेवर एक ओरखडा पडला की प्रत्येक रोलवर त्याच जागी रेघ येईल आणि तू हीटर बदलत बसशील.

शिफ्ट_बी:
पितळी पट्टी स्टोअरमध्ये नाही, इंडेंट टाकतो. जोडब्लॉकचं ड्रॉइंग करून इथे टाकलं तर बघाल का नाना?

डायवाले_नाना:
टाक. मापं मिलिमीटरमध्ये लिही, आणि कातड्याचा माल कुठल्या बाजूने आत येतो ते बाणाने दाखव. मागच्या वेळी एकाने नुसता फोटो पाठवला होता, त्यात ब्लॉकपेक्षा त्याचा अंगठाच मोठा दिसत होता.